आतून न उघडणारी गाडी

“जी बाई फोटोतच नाही, तिचं नाव फोटोखाली कसं लिहू? तूच सांग, ताई!”

“नाही असं तू म्हणतोस.”

“मी कशाला म्हणू? डोळे म्हणतात! हे बघ. मधे आजोबा. दोन्ही बाजूंना त्यांचे भाऊ. टोकाला थोरल्या काकू, त्यांच्या कडेवर तुझी आई. पुढं बसलेली पोरं. बॉनेटपाशी ड्रायव्हर. संपला फोटो. यात तुझी आजी कुठंय?”

“हळू बोल. मी म्हातारी आहे, बहिरी नाही.”

चहापासून पेटलेलं हे भांडण जेवणं झाली तरी विझलं नव्हतं. समोरचा गडी म्हणजे माझा मामेभाऊ, आजोबांच्या दुसऱ्या बायकोचा नातू. लाकडाच्या वखारीत वाढला आणि अंगानंही तसाच, म्हणून लहानपणी मीच त्याचं नाव ठोकळ्या ठेवलं. आता त्याच्या घरात सून आली, डोक्यावर कलप आला, तरी मी त्याच्याहून मोठी ती मोठीच. सुनेसमोरही ठोकळ्याच म्हणते. त्यानं आजोबांची वखार पाडून तिथं प्लायवूडचं दुकान बांधलं आहे. चकाचक, फरशीत तोंड दिसेल असं. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर छताला भिडेल एवढा घराण्याचा जुना फोटो लावायचा, खाली सगळ्यांची नावं, आणि त्याखाली एक ओळ : ‘आजोबांची पहिली मोटार’. उद्या सकाळी फोटो छापायला जाणार होता. नावांच्या त्या रांगेत माझ्या आजीचं नाव नव्हतं. ते या घरातल्या कुठल्याच रांगेत कधी नव्हतं.

“पळून गेलेल्या बाईचं नाव लावून गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू?” ठोकळ्या म्हणाला.

“पुन्हा ‘पळून गेली’ म्हणालास, तर सुनेसमोर कान उपटीन.”

“मी एकटाच म्हणतो का? सगळं घर म्हणत आलं. फोटो निघाला त्याच दिवशी ड्रायव्हरबरोबर याच गाडीत बसून गेली. बाई गेली, ड्रायव्हर गेला, गाडीही गेली. मग आजोबांनी दुसरी घेतली. वखारीमागच्या शेडमध्ये सडत होती ना, ती. मी भंगारात दिली, ती. दुसरी!”

इथंच सगळी गोम होती. शेडमधली गाडी दुसरी असेल, तर ठोकळ्याचं खरं. पण ती फोटोतलीच असेल, तर गाडी घराबाहेर पडलीच नव्हती. मग माझी आजी कशात बसून पळाली? ओंडक्यावर? माझ्या आईनं हा प्रश्न जन्मभर चघळला. ‘पळपुटीची पोर’ म्हणून तिला कोणी मांडीवर घेतलं नाही, शाळेत घातलं नाही, आणि पहिलं स्थळ आलं तिथं उजवून मोकळे झाले. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून म्हणाली, “गाडी बघून घे गं कोणाकडून तरी.” दुसरं काही मागितलं नाही बाईनं.

“पुरावा काय तुझ्याकडे?” ठोकळ्याचं चालूच होतं. “ते तुझे साडेचार? त्यांना पित्तानं चक्कर आली होती त्या रात्री!” मग लॅपटॉप घेऊन बसलेल्या मुलाकडे वळून म्हणाला, “आणि हो रे, त्या मागच्या काचेवरचे दोन पांढरे डाग उद्या काढून टाकायला सांग. बुरशी धरलीय.”

मी बोलायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

“किती डाग?”

“दोन. का?”

“काही नाही,” मी म्हटलं, आणि खुर्चीत बसले.

मी गप्प बसले की या घरात माणसं घाबरतात. ठोकळ्याही घाबरला. तेवढ्यात नवी सून म्हणाली, “आत्या, साडेचार कोण?”

“माझे धाकटे दीर. सांगते. नाही, दिवा राहू दे. अंधार करून घाबरवायला मी काही तुमच्या मोबाईलमधला सिनेमा नाही. जे झालं ते सांगते. त्यांनी मला एकदाच सांगितलं, मीही एकदाच सांगेन.”

भाऊजी गाड्यांच्या विम्याचे सर्व्हेअर. कुठं गाडी आपटली, जळली, बुडाली, की हे जाऊन बघणार आणि खरं किती, खोटं किती ते सांगणार. तरुणपणी जॅक घसरून उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं. तेव्हापासून सगळा बाजार त्यांना साडेचार म्हणतो. त्यांनाही त्याचं काही नाही. उलट स्वतःच सांगायचे, “लोकांची पाचावर धारण बसते. माझी बसायचीच झाली तर साडेचारावर बसेल!” आणि स्वतःच हसायचे.

जुन्या गाड्यांचं त्यांना भारी वेड. “वहिनी, गाडीचं नाक दाखवा, कूळ सांगतो.” फुशारकी होती, पण पोकळ नव्हती. आणि एक सवय होती. कुठलीही गाडी बघायची तर आधी भोवती फिरायचं, वाकून खालून बघायचं, आणि शेवटी मागच्या सीटवर बसून दार आतून ओढून घ्यायचं. डोळे मिटून. दार लागल्याचा आवाज कसा येतो त्यावरून गाडीचा सांगाडा कळतो म्हणे. “बाईचं खरंखोटं डोळ्यांत, आणि गाडीचं दाराच्या आवाजात.” त्यांना बायकांचं किती कळत होतं ते आमच्या जाऊबाईंना विचारा. गाड्यांचं मात्र कळत होतं.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. वखार पाडायची म्हणून ठोकळ्यानं आदल्याच दिवशी शेडमधली गाडी भंगारवाल्याला देऊन टाकली होती. मला कळलं दुपारी. रविवारी उजाडताच ट्रक येणार. मी भाऊजींना बोलावलं, चहा दिला, आणि आईचा फोटो त्यांच्या पुढ्यात ठेवला.

याच फोटोची लहान प्रत. थोरल्या काकूंनी माझ्या आईला लग्नात गुपचूप दिली होती. लहानपणी मी तो फोटो इतका बघितला आहे की डोळे मिटले तरी दिसतो. गाडीचं लांब नाक. कार्बाइडचे मोठाले दिवे, रबरी फुग्याचा भोंगा, लाकडी आऱ्यांची चाकं. ड्रायव्हरची जागा उघडी, आणि मागं कपाटासारखी बंद खोली, तिला काचेची खिडकी. आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्या खांद्यांमधून ती काच दिसते. सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. फक्त माझी आई, वर्षाचीसुद्धा नसेल, काकूंच्या खांद्यावरून मान मागं वळवून त्या काचेकडे बघते. आणि काचेवर एक पांढरा डाग. एक. आई त्या डागावर बोट ठेवायची आणि म्हणायची, “हा नि मी एका वयाचे.” लहान होते, मला हसू यायचं.

“भाऊजी, एवढंच बघून या,” मी म्हटलं. “शेडमधली गाडी ती हीच का?”

“तासाभराचं काम,” म्हणाले. फोटो प्लास्टिकच्या पाकिटात घातला, खिशात भिंग टाकलं, आणि निघाले.

वखारीत पोचले तेव्हा नुकतंच अंधारून आलं होतं. करवती थांबल्या होत्या. भुसा पायांखाली गादीसारखा दबत होता. दोन्ही बाजूंना फळ्यांच्या थप्प्या, वर लाल रंगात आकडे. वखारीच्या राखणदारानं मागचं शेड उघडून दिलं. आत दिवा नव्हता.

“साहेब, मी कोपऱ्यावरून चहा आणतो. तुम्हाला?”

“आण. साखर कमी.”

तो गेला. भाऊजींनी मोबाईलची बॅटरी लावली आणि मोबाईल एका थप्पीवर गाडीकडे तोंड करून टेकवला, म्हणजे दोन्ही हात मोकळे. मग भिंग काढलं.

चाकं नव्हती. गाडी चार ओंडक्यांवर उभी. दिवे गेलेले, भोंगा गेलेला. नाकावर कंपनीचा बिल्ला असतो, तो कोणीतरी उचकटून नेलेला. आणि फोटोत पाहावं तर बिल्ल्याच्या बरोबर पुढं एका पोराची टोपी! नाक बघून कूळ सांगणारे भाऊजी, आणि कूळ सांगणारं नाकच नाही. दिव्यांचे कंस जुळले, पण तसे कंस त्या काळी पुष्कळ गाड्यांना होते. रेडिएटरचा आकार जुळला. तोही पुष्कळांना. कपाळावर आठ्या घालून गडी शेडमध्ये फेऱ्या मारत राहिला.

मग त्यांना लाकूड दिसलं.

इंजिन आणि खालचा सांगाडा बोटीनं आला होता, पण वरची खोली आजोबांनी आपल्याच वखारीत, आपल्याच सुतारांकडून करवली होती. सागवानी. रंग दिला नव्हता, नुसतं व्हार्निश. वखारवाल्याची गाडी, लाकूड मिरवायला नको? मागच्या दाराच्या फळीत, काचेच्या खाली, एक गाठ होती. झाडाची फांदी फुटते तिथली. डोळ्यासारखी, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून खाली एक रेघ ओघळलेली. भाऊजींनी फळीवरची धूळ रुमालानं पुसली. फोटो शेजारी धरला. भिंग लावलं.

तोच डोळा. तीच रेघ.

“वहिनी, लाकडाची गाठ म्हणजे माणसाचा अंगठा,” भाऊजी नंतर मला म्हणाले. “दोन फळ्यांत एकसारखी सापडायची नाही.” मनात म्हणाले असतील, जिंकलो.

“हे मला तू आज सांगतेस?” ठोकळ्या मधेच म्हणाला.

“त्या रविवारी सकाळी मी सांगायला आले होते. तेव्हा तुझा ट्रक गाडी घेऊन वळणावर पोचला होता. आता मधे बोलू नकोस.”

काम झालं होतं. फोटो खिशात टाकून घरी यायचं. पण सवय हो! गाडी पाहिली आणि दाराचा आवाज ऐकला नाही, असं त्यांच्या जन्मात झालं नव्हतं. दाराला बाहेरून पितळेचं वळणदार हँडल होतं. फिरवलं. दार तेल घातल्यासारखं उघडलं. आत शिरले, सीटवर बसले. सीट कसली, काथ्या बाहेर आलेला. डोळे मिटले. दार ओढलं.

ढप्प.

पेटीचं झाकण पडावं तसं. “काय दार बनवलंय!” भाऊजी मोठ्यानं म्हणाले. “सांध्यात पोस्टकार्ड शिरायचं नाही.”

मग उतरायला म्हणून हात दाराकडे गेला. हाताला नुसतं लाकूड लागलं. गुळगुळीत. वर चाचपलं, खाली चाचपलं. दुसऱ्या बाजूच्या दाराला चाचपलं. तिथंही तेच.

हँडल आत नव्हतंच.

“अगं, ती तर आजोबांचीच पद्धत होती,” ठोकळ्याला राहवलं नाही. सुनेकडे बघत जरा अभिमानानंच म्हणाला, “आपल्या घरच्या बायका दार उघडत नसत. त्यांना उघडून मिळायचं. ड्रायव्हरनं उतरून बाहेरून...”

बोलता बोलता तो थांबला. आपणच काय बोललो ते आपल्याच कानांनी ऐकल्यासारखा.

मी पुढं सांगू लागले.

भाऊजी आधी हसले. चांगले खदखदून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांत चुका काढल्या, आणि आज साडेचार साहेब स्वतःच कपाटात! राखणदार येईल, उघडेल, आणि उद्या बाजारभर सांगत सुटेल. ते हाका मारू लागले. एक, दोन, पाच. त्या खोलीत आवाज बाहेर जात नव्हता. तिथल्या तिथंच फिरून अंगावर येत होता.

मग जरा घाम आला. फेब्रुवारीची रात्र, बाहेर गारवा, आणि यांना घाम. बूट काढून काचेवर मारला. जुनी जाड काच, तिला ओरखडाही नाही. बुटाची टाच निघाली. पुढं ड्रायव्हरच्या बाजूला फळी. लाथ मारायला पाय लांब करावा, तर तेवढी जागा नाही. खांदा लावला. दार ज्या सुतारानं केलं, त्याला मनात आईबहिणीवरून शिव्या दिल्या. काचेतून मोबाईलचा उजेड दिसत होता. समोर, चार हातांवर. तेवढाच धीर.

तो उजेड गेला.

बॅटरी संपली असेल. असं म्हणाले स्वतःशी.

काळोख. नाकाशी हात धरला तरी दिसेना. व्हार्निशचा वास यायला लागला. ताज्या व्हार्निशचा. शंभर वर्षांच्या सडक्या लाकडाला ताजा वास कुठून येईल... भाऊजींनी तोंड काचेजवळ नेलं आणि तळहातानं काचेवर थापा मारायला सुरुवात केली. थाप. थाप. थाप. राखणदाराच्या नावानं ओरडत. थाप. थाप.

दमले. हात खाली घेतला.

थाप.

भाऊजींचे दोन्ही हात मांडीवर होते.

थाप... थाप...

लहान हात. ओला. घाईघाईनं मारलेला. बाहेरून नाही. आतून. त्यांच्या शेजारून, त्याच सीटवरून.

ते सरकले. सरकायला जागा होती कुठं? पाठ दाराला टेकली. शेजारी श्वास चालला होता. भराभरा. धावून दमल्यासारखा. आणि उकाडा... अंगावर शर्ट चिकटलेला... काचेला हात लावला तर काच तापलेली. उन्हात ठेवलेल्या परातीसारखी.

आणि बाहेर उजेड आला.

मोबाईलचा नव्हे. पांढरा. भर दुपारचा.

“मग?” ठोकळ्याची मुलगी म्हणाली. तिनं उशी पोटाशी घट्ट धरली होती.

मग भाऊजींना पाठी दिसल्या.

काचेबाहेर माणसांची रांग उभी होती. सगळ्यांच्या पाठी काचेकडे. कोट. टोप्या. कानांमागून उतरलेला घाम. इतक्या जवळ की हात बाहेर काढता आला असता, तर कॉलर धरता आली असती. एका कोटाच्या मानेला शिंप्याचा पांढरा दोरा राहिला होता, तोसुद्धा दिसला त्यांना. पलीकडे, मोकळ्या जागेत, तीन पायांची पेटी. तिच्यावर काळं कापड. कापडाखाली माणूस.

आवाज आला. बारीक, पाण्याखालून यावा तसा.

“हलू नका.”

भाऊजींना कळलं आपण कुठं आहोत. खिशात फोटो होता. त्यांनी तो घटकाभरापूर्वी भिंगानं पाहिला होता. बाहेरून.

शेजारचा हात काचेवर पडत होता. थाप. थाप. थाप. भाऊजीही मारू लागले. ओरडू लागले. वळा. एकानं तरी वळा. अरे, माणूस आहे आत...

कोणी वळलं नाही. फोटो हलला असता ना!

एकच तोंड काचेकडे होतं. रांगेच्या टोकाला, एका बाईच्या खांद्यावरून. तान्ह्या पोरीचं. ती रडत होती. तोंड उघडं, आणि आवाज नाही. ती भाऊजींकडे बघत नव्हती. त्यांच्या शेजारी बघत होती.

थापा हळू झाल्या.

थाप.

...

थाप.

मग एक हात काचेवर टेकला. तसाच राहिला. भाऊजींनीही आपला हात तिथंच टेकवला, का ते त्यांनाही सांगता येत नाही. म्हणाले, “वहिनी, तिला एकटीला ठेवावंसं वाटेना.”

शेजारचा श्वास...

...तोही नाही.

“साहेब! आत कशाला बसलात?”

दार उघडं होतं. राखणदार चहाचे दोन पेले घेऊन उभा. शेडच्या दाराबाहेर आकाशात चांदण्या. थप्पीवर मोबाईल उजेड टाकत होता, जसा ठेवला तसाच. आणि चहावर अजून वाफ होती.

भाऊजी चालत घरी आले. वाटेत स्वतःच्याच गाडीपाशी थांबले होते म्हणे. किल्ली हातात. दार उघडून बघितलं, आणि परत लावून टाकलं. मी दारातच होते. शर्ट पिळून काढावा असा भिजलेला, एका पायात टाच नसलेला बूट. म्हणाले, “वहिनी, गाडी तीच आहे.” आणि अंगणात जाऊन बसले. त्या रात्री घरात आलेच नाहीत.

आजही आहेत. खातात-पितात, चांगले आहेत. गाडी मात्र विकली. रिक्षातून फिरतात, कारण रिक्षाला दार नाही. न्हाणीघराची कडी लावत नाहीत, लोकांना कळावं म्हणून आत मोठमोठ्यानं गातात. गळा असा की कडीपेक्षा बंदोबस्त पक्का. आणि माझ्या आईचा तो फोटो त्यांनी मला परत दिला नाही. चार वेळा मागितला. दर वेळी खाली बघून म्हणाले, “हरवला, वहिनी.” ज्यानं जन्मात कोणाची पावती हरवली नाही, तो फोटो हरवतो? मी जास्त ताणलं नाही. आज मात्र कळलं, का हरवला ते.

माझ्या आजीला फोटोच्या वेळी गाडीत कोणी बसवलं, कशासाठी बसवलं, फोटो झाल्यावर दार कोणी उघडलं का, हे मला माहीत नाही. भाऊजींनी पाहिलं नाही, म्हणून मी बनवून सांगणार नाही. गाडी त्या दिवसानंतर रस्त्यावर आली नाही, आणि शेडपुढं ओंडके रचले गेले, एवढं गावाला ठाऊक आहे. ड्रायव्हरही दिसला नाही म्हणता. तो बिचारा काय बघून गेला असेल, ते त्यालाच ठाऊक.

मी थांबले. 

नवी सून उठली. तिनं खोलीचं लोटलेलं दार सताड उघडलं, आणि त्याला खुर्ची लावून आली.

“बाबा,” मुलगा म्हणाला, “मोठं करून बघू का?”

“काय बघायचंय त्यात?” ठोकळ्या म्हणाला. पण आवाज चहाच्या वेळचा राहिला नव्हता. “हा फोटो माझ्या जन्माआधीपासून बैठकीत टांगलेला आहे. काच कधी काढली नाही. आत बुरशी धरणारच. बुरशीचे काय, कसेही आकार होतात.”

पोरानं तोवर लॅपटॉपवर फोटो गाडीच्या खिडकीपाशी नेला होता. आजोबांचा खांदा पडद्याच्या एका बाजूला गेला, थोरल्या भावाचा दुसऱ्या बाजूला. मधे काच उरली. मोठी होत गेली. पोरीनं उशी तोंडाशी धरली. पडद्याचा उजेड ठोकळ्याच्या तोंडावर पडला होता, आणि कपाळावर घाम दिसत होता.

“बुरशीच आहे,” तो म्हणाला. “उद्या पुसून टाकू... दोन्ही. आणि ती फोटोत नाही, ताई. नाव नाही लागायचं.”

मी उठले. चष्मा लावायची मला गरज नव्हती.

“डावीकडचा हात माझ्या आजीचा आहे, ठोकळ्या, आणि तो पुसायच्या आधी उजवीकडच्या हाताची बोटं मोज.”